मळ्यातील वस्तीवर टपाल

चांदवड तालुक्यात गाव आणि वस्ती ह्या आता दोन निराळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत. गावठाणात देऊळ, शाळा, ग्रामपंचायतीची कचेरी, पिठाची गिरणी आणि चार दुकाने असतात. माणसे मात्र पुष्कळशी मळ्यात राहावयास गेलेली असतात. विहिरीला पाणी लागले, विजेची मोटार बसली, द्राक्षाचा किंवा डाळिंबाचा बाग उभा राहिला, की राखणीसाठी आणि रात्रीच्या पाण्याच्या पाळीसाठी शेतातच घर बांधणे सोयीचे पडते. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एका वस्तीच्या तीन वस्त्या होतात. सातमाळ्याच्या पायथ्याच्या खडकाळ माळापासून वडनेर भैरवाकडील बागायतीपर्यंत अशी शेकडो घरे शिवारात विखुरलेली आहेत. ह्या घरांना वीज आहे, घरोघर मोबाईल आहे, दारात ट्रॅक्टरही उभा असतो. नसते ती रस्त्याला पाटी आणि घराला क्रमांक. त्यामुळे देशाच्या कोणत्याही टोकाहून निघालेले पत्र चांदवडपर्यंत बिनचूक येते, तेथून गावापर्यंत येते, आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत अडते.

अडलेले पत्र बहुधा कोणाच्या तरी हाती ठेवले जाते. किराणा दुकानदार, गिरणीवाला, दूध संकलन केंद्रावरील मुलगा किंवा त्या वस्तीकडे निघालेला कोणी सायकलस्वार, ह्यांच्यावर हा भार पडतो. ही सारी माणसे सद्भावनेनेच तो उचलतात. परंतु दुकानाच्या फळीवर ठेवलेले पाकीट साबणाच्या खोक्यामागे जाते, खिशात ठेवलेले कार्ड सदऱ्याबरोबर धुतले जाते, आणि ‘उद्या देऊ’ म्हणता म्हणता आठवडी बाजार दोनदा होऊन जातो. कांदा लागवडीच्या किंवा द्राक्ष काढणीच्या दिवसांत तर कोणालाच कोणाच्या टपालाची आठवण राहत नाही.

पूर्वी ह्यात फारसे बिघडत नसे, असे काही जुन्या लोकांचे म्हणणे असते. खुशालीचे पत्र चार दिवस उशिरा वाचले तरी खुशाली बदलत नाही, हे खरे. पण खुशाली आता फोनवर कळते. आज वस्तीवर जे टपाल येते ते जवळजवळ सारे कामाचे असते, आणि त्यातील बरेचसे मुदतीचे असते. बँकेचे एटीएम कार्ड, आधार कार्ड, विम्याची कागदपत्रे, मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, सैन्यातील मुलाच्या कागदपत्रांची मागणी, न्यायालयाचे समन्स, भूसंपादनाची नोटीस ही त्याची उदाहरणे होत. मुलाखतीचे पत्र तारीख उलटल्यावर हाती आले तर ते जपून ठेवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग राहत नाही.

जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद धरल्यावर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, ती चावडीवर लावतात आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवितात. त्यानंतर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. जो मनुष्य गावठाणात राहतो त्याला चावडीवरचा कागद येता-जाता दिसतो. जो मळ्यात राहतो, किंवा जी बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावच्या मळ्यात राहते, तिला तो दिसत नाही. तिचा सारा भरवसा त्या लेखी सूचनेवर असतो. पंधरा दिवस उलटून नोंद प्रमाणित झाली की पुढे अपील करता येते, परंतु एका साध्या अर्जाने जे काम झाले असते त्याला मग तारखा, वकील आणि तालुक्याच्या फेऱ्या लागतात.

दुसरी एक गोष्ट शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. सन १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ अन्वये, कायद्याने टपालाने बजावावयाचा कागद बरोबर पत्ता लिहून, टपालखर्च भरून नोंदणीने पाठविला असेल, तर एरवी ज्या वेळी तो पोचला असता त्या वेळी तो पोचलाच असे धरले जाते. उलट सिद्ध करण्याची मुभा असते. परंतु ते सिद्ध करण्याचे ओझे पत्र न मिळालेल्या माणसावर येऊन पडते. म्हणून ‘मला काही मिळालेच नाही’ एवढे म्हणून भागत नाही. तसेच, नोटीस घेतली की आपण बांधले जाऊ, ह्या भीतीने काही लोक सहीचे पाकीट परत करतात. त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो, आणि न्यायालये अशा नकारालाही बजावणीच समजतात. पाकीट घेतल्याने त्यातील मजकूर मान्य केला असे होत नाही. ते घ्यावे, उघडावे, आणि मग काय करावयाचे ते ठरवावे, हेच शहाणपणाचे.

पत्ता कोणाच्या डोक्यात?

पूर्वी वस्तीवरचे टपाल इतके अडत नसे, ह्याचे कारण रस्ते चांगले होते असे नव्हे. कारण निराळेच होते. मुंबई-आग्रा रस्ता चांदवडवरून जातो. होळकरांच्या काळी येथे टांकसाळ होती, अहिल्याबाईंचा रंगमहाल येथे उभा आहे, आणि राज्यकर्त्यांच्या जासुदांना व सांडणीस्वारांना ही वाट परिचयाची होती. पण ते टपाल दरबाराचे. सामान्य कुणब्याच्या दारी पत्र येऊ लागले ते १८५४ नंतर. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून देशभर एकाच व्यवस्थेखाली टपाल खाते सुरू झाले, आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र कितीही लांब जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले, १८८० मध्ये मनीऑर्डर आली, आणि मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाचे पैसे गावी पोचण्याची सोय झाली.

खेड्यात टपालकचेरी चालविण्याची रीत साधी होती. खात्याने प्रत्येक गावी पगारी नोकर नेमण्याऐवजी गावातीलच एखाद्या विश्वासू माणसाला, विशेषतः शाळामास्तराला किंवा दुकानदाराला, थोड्या भत्त्यावर हे काम सोपविले. शाळेच्या एका कोपऱ्यात पेटी, तराजू आणि शिक्का असे. मास्तरांना पोरांची नावे ठाऊक, पोरांच्या बापांची ठाऊक, आणि कोणाचा मळा कोणत्या ओढ्यापलीकडे तेही ठाऊक. टपाल वाटणारा गडी त्याच गावचा. पाकिटावर नुसते नाव आणि गाव असले तरी पत्र जागी जाई. अक्षरशत्रू माणसाला तोच पत्र वाचून दाखवी, आणि ओट्यावर बसून उत्तरही लिहून देई. पत्ता पाकिटावर नसे. तो टपालवाल्याच्या डोक्यात असे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ डाकघरे होती, त्यांपैकी १९,१८४ ग्रामीण भागातील. आज ही संख्या एक लाख चौसष्ट हजारांच्या वर गेली आहे, आणि त्यांतील दहांपैकी नऊ खेड्यांत आहेत. त्यांचा गाडा ग्रामीण डाक सेवक ओढतात. त्यांना दिवसाकाठी चार किंवा पाच तासांचे काम व त्या मानाने भत्ता असतो; शाखा डाकपालाला कचेरीसाठी जागाही स्वतःच पाहावी लागते. ही नेमणूक आता दहावीच्या गुणांवरून, संगणकाद्वारे अर्ज मागवून होते. त्यामुळे वशिल्याला वाव राहिला नाही, पुष्कळ मुली ह्या कामावर येऊ लागल्या, ह्या चांगल्या गोष्टी झाल्या. पण त्याबरोबर असेही झाले की, गावात रुजू होणारा डाक सेवक दुसऱ्या तालुक्याचा, क्वचित दुसऱ्या जिल्ह्याचा असतो. भाषा त्याला येते. मळे मात्र ठाऊक नसतात. जुना माणूस निवृत्त झाला की तीस वर्षांचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. वस्तीवरील टपालाची आजची अडचण पुष्कळ अंशी येथे आहे. जे डोक्यात होते ते आता कागदावर उतरविणे भाग आहे.

पत्ता कसा लिहावा

चांदवडचा पिन क्रमांक ४२३१०१ हा आहे. पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात तो मोठ्या दुष्काळाचा काळ, म्हणून जुन्या लोकांना ते वर्ष दुसऱ्याच कारणाने आठवते. ह्या पद्धतीची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित व कवी, त्या वेळी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतील पत्ते ह्यांमुळे होणारा घोटाळा टाळणे हा तिचा हेतू. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड. पहिल्या तीन अंकांवरून टपाल कोणत्या वर्गवारी जिल्ह्याकडे जावयाचे ते कळते, आणि शेवटच्या तीन अंकांवरून वाटपाचे डाकघर.

येथे एक मेख आहे. हा क्रमांक चांदवडच्या उपडाकघराचा आहे, आणि त्याच्या हाताखालील अनेक गावांच्या शाखा डाकघरांनाही तोच लागू पडतो. म्हणजे पिन क्रमांकाने पत्र चांदवडला येईल. तेथून कोणत्या पिशवीत जावयाचे हे सांगण्यास शाखा डाकघराचे नाव लिहिलेच पाहिजे. तालुक्यातील काही गावांचा पिन निराळा आहे, तेव्हा शेजारच्या गावाचा पाहून लिहू नये. शाखा डाकपालाला विचारून लिहावा. ‘मु. पो.’ ही दोन अक्षरे लोक सवयीने एकत्र लिहितात, परंतु मु. म्हणजे मुक्काम आणि पो. म्हणजे पोस्ट. ज्या गावात डाकघर नाही तेथील माणसाने ‘मु. पो.’ लिहिले तर ते चुकीचेच होय. त्याने मुक्काम आपल्या गावाचा लिहावा आणि पोस्ट ज्या गावी असेल त्या गावाचे लिहावे.

नावांचा घोटाळा आपल्याकडे कमी नाही. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात, तर वडनेर खाकुर्डी मालेगाव तालुक्यात. तळेगाव रोही येथले, आणि त्याच जिल्ह्यात दिंडोरीकडे दुसरे तळेगाव. शिंगवे चांदवडलाही आहे आणि निफाडलाही. चांदवड तालुक्यातील रायपूरच्या माणसाने तालुका व जिल्हा लिहिला नाही तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छत्तीसगडची राजधानी उभी राहते. खुद्द चांदवडचे नाव इंग्रजी अमदानीतील कागदोपत्री ‘चांदोर’ असे लिहिले जाई, आणि चांदोर गोव्यातही आहे. म्हणून गावाचे पूर्ण जोडनाव, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही लिहावीत. जागा नाही म्हणून त्यांतील एकही गाळू नये.

आता वस्तीची ओळ. वस्तीचे नाव बहुधा आडनावावरून पडलेले असते, आणि एका शिवारात एकाच आडनावाच्या चार वस्त्या असतात. तेव्हा ‘जाधव वस्ती’ एवढ्याने काही कळत नाही. त्यापुढे खूण हवी: ‘पाझर तलावाजवळ’, ‘जुन्या जकात नाक्यामागे’, ‘अमुक फाट्यापासून एक किलोमीटर पूर्वेस’. खूण अशी निवडावी की ती दहा वर्षे टिकेल. आंब्याचे झाड, शेजाऱ्याचे दुकान किंवा मोबाईलच्या मनोऱ्यावरील कंपनीची पाटी ह्यांवर भिस्त ठेवू नये. पुष्कळ जण पत्त्यात गट नंबर लिहितात. त्याला हरकत नाही; पण गट नंबर महसूल खात्याला कळतो, सायकलवरून जाणाऱ्या डाक सेवकाला शेताच्या बांधावर तो लिहिलेला दिसत नाही. त्याला फाटा आणि दिशाच उपयोगी.

नावाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगावयास हव्यात. एका भावकीत एकाच नावाचे तीन-तीन जण असतात, म्हणून वडिलांचे नाव मधे पूर्ण लिहावे. नुसते आद्याक्षर पुरत नाही. दुसरी गोष्ट सुनांची. लग्न होऊन आलेल्या मुलीचे पदवीचे प्रमाणपत्र, बँकेचे कार्ड किंवा नोकरीचे पत्र माहेरच्या नावाने येते. डाक सेवक ते नाव वस्तीवर विचारतो, शेतात काम करणारा म्हातारा सासरा ‘ह्या नावाचे येथे कोणी नाही’ असे सांगतो, आणि पत्र परत जाते. सून घरात असते. तिच्या दोन्ही नावांची चिठ्ठी एकदा शाखा डाकघरात देऊन ठेवली तर हा प्रकार टळतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही ते नाव सांगून ठेवावे.

सर्वांत शेवटी, मोबाईल क्रमांक पिनच्या खाली लिहावा. दिवसा मळ्यातील घराला बहुधा कुलूप असते. सारे जण शेतात. एका फोनने डाक सेवकाची फेरी वाचते. मात्र हा पत्ता आपल्या डोक्यात बरोबर असून भागत नाही, पाठविणाऱ्याच्या दप्तरात तो बरोबर असला पाहिजे. आधार, बँक, वीज मंडळ, विमा ह्या प्रत्येक ठिकाणी तो निरनिराळ्या तऱ्हेने नोंदलेला आढळतो, कारण प्रत्येक वेळी अर्ज दुसऱ्याच कोणीतरी भरलेला असतो. एक पत्ता कागदावर सुवाच्य लिहून काढावा, मराठीत आणि इंग्रजीत, आणि सगळीकडे तोच द्यावा.

वस्तीचे नावच बदलले असेल तर विशेष काळजी हवी. जातिवाचक नावे असलेल्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि समता नगर, क्रांती नगर, ज्योती नगर अशी नवी नावे सुचविली. निर्णय योग्यच आहे. परंतु एकाच पिन क्रमांकाखाली तीन गावांत तीन क्रांती नगरे झाली की गावाचे नाव गाळणारा माणूस अडचणीत येतो. ग्रामपंचायतीने ठराव केला की त्याची प्रत शाखा डाकघराकडेही पाठवावी.

फाट्यावरची पेटी

अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी होता. तेथे शहरात टपाल घरपोच मिळे, पण शेतावर राहणाऱ्याला त्यासाठी गाडी जुंपून गावी जावे लागे. शेतकऱ्यांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शेतावर टपाल देण्याचा प्रयोग सुरू झाला. १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली. त्यात अट अशी होती की, रस्ता चांगला असेल तरच टपालगाडी येईल. ही अट पुरी करण्यासाठी ठिकठिकाणच्या लोकांनी व स्थानिक संस्थांनी रस्ते दुरुस्त केले, ओढ्यांवर पूल बांधले. टपालाच्या निमित्ताने मालाची वाटही सुधारली. प्रत्येकाने रस्त्याच्या कडेला आपली पेटी लावावयाची, म्हणजे वाटणाऱ्याला गाडीवरून उतरावे लागत नसे. सुरुवातीला लोकांनी चरबीचे डबे, साबणाची खोकी, काकवीचे डबे असे हाती लागेल ते खांबाला ठोकले. शेवटी १९०१ मध्ये खात्याला पेटी कशी असावी ह्याचे नियम करावे लागले.

आपल्याकडे टपाल हाती नेऊन देण्याची रीत आहे, आणि सहीचे टपाल तर पेटीत टाकताच येत नाही. तरीही साध्या टपालासाठी फाट्यावर पेटी असणे फार सोयीचे. पाच-सहा वस्त्यांची गाडीवाट जेथे डांबरी रस्त्याला मिळते तेथे, शाखा डाकपालाशी आधी बोलून, प्रत्येक घराची एकेक पेटी एकाच खांबावर लावावी. खर्च जवळजवळ नाही. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा करून त्याचे तोंड दाराप्रमाणे बसवावे, वर पत्र जाईल एवढी फट कापावी, आणि फटीवर जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी झाकण म्हणून ठोकावी. कापलेली कड आत दुमडावी, नाहीतर हात कापतो. तळाला खिळ्याने दोन भोके पाडावीत. बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत आणि नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. खांब म्हणून द्राक्षमांडवाचा जुना अँगल उत्तम. लाकडाचा असल्यास जमिनीतील भागाला डांबर लावावे, कारण वाळवी त्याची वाट पाहत असते. पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा फट पूर्वेकडे ठेवावी. उंची सायकलवर बसलेल्या माणसाच्या छातीइतकी. दर आठवड्याला पेटी उघडून पाहावी. गांधीलमाश्यांना अशी जागा फार आवडते, आणि डाक सेवकाला एकदा डंख बसला की तो पुन्हा तिच्यात हात घालणार नाही.

कुत्र्यांविषयीही येथेच लिहिणे योग्य. वस्तीवरची कुत्री राखणीची असतात आणि अनोळखी माणसाच्या अंगावर जातात. टपाल न पोचण्याचे हे एक मोठे कारण आहे, पण ते शेऱ्यात कधी लिहिले जात नाही. टपालाच्या वेळी कुत्रे बांधावे, आणि नव्या डाक सेवकाशी त्याची एकदा ओळख करून द्यावी. कुंपणात वीज सोडली असेल तर त्याची पाटी लावणे हे तर कर्तव्यच होय.

सहीच्या टपालात अलीकडे एक बदल झाला आहे. रजिस्टर पोस्ट म्हणून जी वेगळी सेवा होती ती १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. केवळ पत्त्यावरील व्यक्तीलाच किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच पत्र मिळावे असे वाटत असेल, तर स्पीड पोस्टला नोंदणीची जोड घेता येते. वस्तीवरील माणसाच्या दृष्टीने अधिकार दिलेली व्यक्ती हा भाग महत्त्वाचा. जो दिवसभर शेतात असतो, किंवा मुलांच्या शाळेसाठी नाशिकला बिऱ्हाड करून आठवड्यातून एकदा मळ्यात येतो, त्याने गावठाणातील एखाद्या नातलगाला लेखी अधिकारपत्र देऊन त्याची प्रत शाखा डाकघरात ठेवावी. दुकानाच्या फळीपेक्षा हे कितीतरी बरे. कायमचा मुक्काम हलविला असेल तर टपाल नव्या पत्त्यावर वळविण्याचा अर्ज द्यावा.

नवे डाकघर की नवी फेरी?

‘आमच्या वस्तीला स्वतंत्र पोस्ट मिळावे’ असे ठराव काही ग्रामसभा करतात. सर्वसाधारण प्रदेशात नव्या शाखा डाकघरासाठी त्या गावसमूहाची लोकसंख्या तीन हजार, जवळच्या डाकघरापासूनचे अंतर तीन किलोमीटर, आणि अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या निदान एकतृतीयांश, अशी प्रमाणे ठरलेली आहेत. डोंगराळ व आदिवासी भागांसाठी ती पुष्कळ सैल आहेत. चांदवडच्या मळ्यांतील दहा-वीस घरांची वस्ती ह्या प्रमाणात बसणे कठीण, आणि असा ठराव बहुधा दप्तरी राहतो. त्यापेक्षा वस्ती अमुक शाखा डाकघराच्या वाटपाच्या फेरीत नावानिशी समाविष्ट करावी, अशी मागणी व्यवहार्य आहे. तिचा अर्ज शाखा डाकपालामार्फत उपविभागाच्या टपाल निरीक्षकाकडे जावा. डाक सेवकाचा भत्ता त्याच्या कामाच्या तासांवर ठरतो. वस्ती फेरीत अधिकृतपणे धरली गेली की तिचे अंतर त्याच्या कामाच्या मापात येते. नुसत्या विनंतीवरून तो आला तर ते त्याचे पदरमोडीचे काम ठरते. त्याच्याकडून उपकाराची अपेक्षा करण्यापेक्षा त्याचे काम मोजले जावे, हे दोघांच्याही हिताचे आहे.

ही फेरी आता पत्रांपुरती राहिलेली नाही. १ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली, आणि डाक सेवकाजवळील यंत्रावर आधार क्रमांक व अंगठा देऊन कोणत्याही बँकेच्या आधारशी जोडलेल्या खात्यातून दारातच पैसे काढता येऊ लागले. निराधार अनुदान खात्यात जमा झाले तरी ते काढण्यासाठी एकट्या म्हातारीला मळ्यातून चांदवडला जावयाचे म्हणजे एक दिवस आणि गाडीभाडे गेले. ‘आजी, पैसे काढायचे का?’ असे विचारणारा डाक सेवक तिच्या ओट्यावर आला तर तो दिवस वाचतो. त्याला तिचे घर सापडले पाहिजे, एवढीच अट.

चार मीटरांचा चौकोन

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाची नवी पद्धत जाहीर केली. हैदराबादची आय. आय. टी. आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र ह्यांच्या साहाय्याने ती तयार झाली. शेतकऱ्याला ती समजावयास अवघड नाही. गावाचे गट पाडतात, गटाचे पोटहिस्से पाडतात, तसाच हा प्रकार आहे. सारा देश एका मोठ्या चौकोनात धरून त्याचे सोळा भाग केले, प्रत्येक भागाला एक अक्षर किंवा अंक दिला. त्या भागाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा. शेवटचा चौकोन सुमारे चार मीटर लांब व तितकाच रुंद राहतो, म्हणजे बैलगाडी उभी राहील एवढा. दहा चिन्हांचा हा संकेत त्या जागेचा असतो, माणसाचा नव्हे. त्यात नाव नाही, सातबारा नाही. जमीन विकली तरी तो बदलत नाही. घर बांधावरून विहिरीजवळ हलविले तर मात्र बदलतो.

तो मिळविण्यासाठी घराच्या दारात उघड्यावर उभे राहून, मोबाईलचे स्थानदर्शन सुरू करून, टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे लागते. घरातील शाळकरी मूल हे काम करू शकते. लिहून घेताना दक्षता हवी. शेवटचे चिन्ह चुकले तर माणूस शेजारच्या गोठ्यात जाईल. पहिले चुकले तर शेकडो कोस दूर. हा संकेत पत्त्याऐवजी लिहावयाचा नसून पत्त्याबरोबर लिहावयाचा आहे, हे ध्यानात ठेवावे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, पण शेतातील घरे तिच्या बाहेरच राहिली. अशा घरांना ठिकाणाची काही तरी सरकारमान्य खूण मिळण्याची ही पहिलीच सोय म्हणावी लागेल.

तथापि डाक सेवक अजून काही वर्षे तरी फाटा, ओढा आणि माणसांची नावे ह्यांवरूनच वाट काढणार. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, एक काम हाती घेण्यासारखे आहे. शिवाराचा नकाशा महसूल दप्तरातून घ्यावा, त्यावर गाडीवाटा शाईने ठळक कराव्यात, आणि प्रत्येक वस्तीवर क्रमांक टाकून बाजूला कुटुंबप्रमुखांची नावे आणि, ज्यांची हरकत नसेल त्यांचे, फोन लिहावेत. शाळेतील वरच्या वर्गातील मुले आणि निवृत्त झालेला जुना डाक सेवक ह्यांना बरोबर घेतले तर दोन रविवारांत हे काम होते. त्या जुन्या माणसाला ज्या वाटा ठाऊक असतात त्या महसूल नकाशात नसतात. नावे-फोन असलेली प्रत शाखा डाकपालाकडे कपाटात आणि दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी. भिंतीवर नुसत्या वाटा आणि वस्त्या दाखविणारी प्रत लावावी. साप चावलेल्या माणसासाठी रात्री रुग्णवाहिका बोलाविण्याची वेळ आली तर तोच कागद कामी येतो. पावसाळ्यात ओढा वाट खातो, नवी फरशी होते, एखादे घर वाढते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास, कांद्याची रोपे लावणीला येण्याआधी, नकाशा एकदा उतरवून त्यावर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.